‘हिल्डेसहाइम’चा शेवटचा अध्यक्ष

जूनच्या बोटीत जागा मिळाली, तर हार्म उब्बेनच्या पदरात एवढे पडणार होते: विटांचे एक घर, त्यामागचा भाजीचा तुकडा, कालव्यावरचे पाणफाटक, फाटकवाल्याचा हुद्दा आणि बायको. बायको तशी आधीपासून त्याचीच होती. पण घर गेले तर ती माहेरी जाणार, मागोमाग हार्मलाही जावे लागणार, आणि सासऱ्याच्या चुलीजवळ बसणे म्हणजे काय ते त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पुरते अनुभवले होते. म्हणून जमेच्या बाजूला तो बायकोही धरत असे.

जागा मिळाली नाही, तर त्याच्या वाट्याला जहाज होतेच.

पाणफाटकाचे असे होते. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या पूर्व फ्रीसलंडच्या दलदलीतून जळणाच्या काळ्या मातीच्या ढेपा भरून होड्या निघतात. कालव्याची पातळी बदलते तिथे होडी दोन दारांच्या मध्ये घ्यायची, चाक फिरवून पाणी वर चढवायचे किंवा खाली सोडायचे, आणि पुढचे दार उघडून होडीला वाट द्यायची. हे काम उब्बेनांच्या घरात आजोबांपासून चालत आले होते. हार्मचा बाप हिवाळ्यातल्या तापाच्या साथीत गेला. कालवा सभेने निरोप धाडला की फाटकाला पुरुष हवा. सेंट जॉनच्या सणापर्यंत मुलगा परतला तर फाटक आणि घर त्याचे, नाहीतर दुसरा कोणी पाहू. सण येतो जूनच्या चोविसाव्या तारखेला. बायकोने, फेनाने, हे फेब्रुवारीत कळवले होते आणि खाली लिहिले होते, तोवर चाक मी फिरवते आहे, हाताला घट्टे पडलेत, ये.

ये म्हणणे सोपे होते. हार्म होता स्कॉटलंडच्याही वर, बेटांच्या कोंडाळ्यात अडकलेल्या समुद्रात, ‘हिल्डेसहाइम’ नावाच्या हलक्या क्रूझरवर. महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीचे जवळजवळ सगळे आरमार तिथे आणून उभे केले होते, आणि तह होईपर्यंत ते तसेच उभे राहणार होते. यांना कोणी कैदी म्हणत नव्हते. कैद्याला निदान जमिनीवरची बराक मिळते. इथे किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, शेजारच्या जहाजावर जायचे नाही, होडी पाण्यात सोडायची नाही. तोफांचे खटके काढून नेलेले, बिनतारी यंत्र काढून नेलेले. चारी बाजूंना पहाऱ्याच्या होड्या घिरट्या घालत. समोरच्या बेटावर झाड म्हणून नव्हते, मेंढ्या होत्या. भट्टीखान्यातल्या लोकांनी मेंढ्यांना आपल्या अधिकाऱ्यांची नावे ठेवली होती. वसंतात कोकरे झाली तेव्हा नावे कमी पडली.

‘हिल्डेसहाइम’ने याहून बरे दिवस पाहिले होते, पण फार नव्हेत. दहा-अकरा वर्षांपूर्वी ती कीलच्या गोदीतून पाण्यात उतरली तेव्हा हिल्डेसहाइमचे नगराध्यक्ष आगगाडीने आले होते. त्या गावाला समुद्र नाही, नदीही बेताचीच. पण आपल्या नावाचे जहाज म्हणून गावाने वर्गणी काढून चांदीचे भले मोठे मद्यपात्र भेट दिले. जहाजापेक्षा त्या पात्रानेच जास्त काम केले, असे पागेल आचारी म्हणे. हलकी क्रूझर म्हणजे आरमारातली धाकटी सून. मोठ्यांच्या पुढे धावायचे, शत्रू कुठे आहे ते पाहून यायचे, आणि मारा सुरू झाला की मोठ्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचे. स्कागेराकच्या लढाईत एक गोळा तिच्या मधल्या धुराड्यातून आरपार गेला आणि न फुटताच समुद्रात पडला. पुढे एका सुरुंगाने तिचे नाक उडवले. बाकीचा काळ खाडीत कोळसा भरण्यात आणि तो जाळण्यात गेला.

कोळसा भरण्यात मात्र तिचा हात कोणी धरत नसे. बंदरातल्या जहाजांची चढाओढ लागे तेव्हा फावड्याला जोडीने माणसे लावत, आणि हार्मच्या जोडीला नेहमी त्यार्क बोएल्सेन असे. त्यार्क फावडे मारी, हार्म मोजी, ओरडे आणि शाबासकी घेई. दोघांनाही ही वाटणी मानवली होती. त्यार्क अनाथ, एका बेटावर वाढलेला. घरी वाट पाहणारे कोणी नव्हते आणि बोलण्याची त्याला आवड नव्हती. काहीही सांगितले तरी तो ‘बरं’ म्हणे.

क्रांती झाली, कैसर हॉलंडला गेला, आणि जहाजावर खलाशी समिती आली. आता कप्तानाचा हुकूम समितीच्या अध्यक्षाची सही असल्याशिवाय चालत नसे. शिवाय कप्तानाने खलाशाला ‘तुम्ही’ म्हणायचे. कप्तान फॉन लेसाउ हा किडकिडीत, सभ्य माणूस. तो ‘तुम्ही’ असा म्हणे, की ऐकणाऱ्याला आपली मानगूट धरल्यासारखे वाटे.

अधूनमधून जर्मनीहून बोट येई. ती सलगम, पाव आणि टपाल उतरवून जाताना काही माणसे घरी नेई. कोण जाणार ते कप्तान ठरवी. जूनची बोट मोठी असणार, असे एप्रिलपासूनच बोलले जात होते. हार्मने हिशेब मांडला.

“कप्तानाला काय हवं असतं?” तो त्यार्कला म्हणाला. दोघे कठड्याशी गळ टाकून बसले होते. “शांतता. मग तो आधी कुणाला हाकलणार? गोंगाट करणाऱ्याला. गुणी माणूस त्याला इथे लागतोच. तू गुणी आहेस. तू इथेच म्हातारा होशील.”

“बरं,” त्यार्क म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हार्म अधिकाऱ्यांच्या मागच्या डेकवर पाइप पेटवून बसला. कप्तान फेरी मारायला आला, तरी तो उठला नाही. “बसा, कप्तानसाहेब,” तो म्हणाला. “जागा आहे.” दुपारी भोजनाच्या खोलीत त्याने टेबलावर मूठ आपटून विचारले की कप्तानाचे सलगम चौकोनी चिरलेले आणि आमचे ओबडधोबड, हे कुठल्या क्रांतीत बसते?

“त्याचे चौकोनी असतात कारण तो गप्प बसून खातो,” पागेल आचारी म्हणाला. पागेल पोमेरानियाचा. एवढ्या उपासमारीतही त्याचे पोट उतरले नव्हते आणि त्याबद्दल कोणी त्याला विचारत नसे. “तुला कसले हवेत? गोल?”

“न्यायाचे हवेत.”

“न्यायाचे संपलेत. पिवळे आहेत.”

हार्मचा आवाज मुळातच फाटकवाल्याचा होता, वळणापलीकडच्या होडीला ऐकू जाणारा. पंधरवड्यात त्याचे नाव झाले. पहाऱ्याच्या होडीवरचे लोकसुद्धा तो दिसला की हात हलवत. कप्तान त्याच्याकडे आता अशा नजरेने पाहू लागला, की हार्मला मनातून आपली पेटी बांधल्यासारखे वाटे.

आडवा आला तो लेम्केचा दात.

लेम्के समितीचा अध्यक्ष होता, खरा क्रांतिकारक. पावाला बुरशी आली तरी त्यावर तासभर भाषण देई. मे महिन्यात त्याचा जबडा सुजला. त्या अख्ख्या आरमारात दंतवैद्य नव्हता. पहारेकऱ्यांचा होता, पण तो जर्मनांसाठी नाही, असे ते म्हणत. लेम्केने आधी पाण्यात मीठ घालून पाहिले, मग तंबाखू दाबून पाहिली, मग तो बोलायचा थांबला. तेव्हा सगळ्यांनाच प्रकरण गंभीर आहे हे कळले. टपालाच्या बोटीने त्याला घरी पाठवले. चेहऱ्याला फडके गुंडाळून तो शिडी उतरला आणि उतरताना त्याने मूठ उंचावली. ती क्रांतीसाठी होती की दातासाठी, कळले नाही.

संध्याकाळी भोजनाच्या खोलीत सभा भरली. अध्यक्ष हवा होता, आवाजाचा माणूस हवा होता. सगळ्या माना एकदमच वळल्या.

“मी नको,” हार्म म्हणाला.

“बघा, किती विनय आहे,” मागून कोणी म्हणाले.

“विनय नाही रे. मला खरंच नको.”

“जो नको म्हणतो तोच निवडावा. लेम्के हवं हवं म्हणाला होता, काय झालं पाहिलंत ना.”

हसण्यातच हात वर झाले. त्यार्कचाही झाला. दोस्ताचे नाव पुढे आलेय तर हात वर करावा, एवढे त्याला कळत होते. पागेलने हार्मच्या दंडाला अध्यक्षाची पांढरी पट्टी बांधली आणि गाठ मारता मारता म्हणाला, “नियम माहीत आहे ना? लेम्केनेच करून ठेवलाय. अध्यक्ष जहाज सोडणार तो सगळ्यांत शेवटी.”

“लेम्के तर गेला.”

“त्याचा दात दुखत होता. तुझा दुखतोय का?”

हार्मने जिभेने सगळे दात चाचपले. एकूण एक धडधाकट होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याचे वाईट वाटले.

त्यानंतर दिवस आखडत गेले. म्हणजे उत्तरेला जूनमध्ये रात्र होतच नाही, उजेडच उजेड असतो, पण हार्मला तो उजेड चारी बाजूंनी भिंत लावल्यासारखा वाटे. झोपायला जावे तर झरोक्यात मेंढ्या, उठावे तर त्याच मेंढ्या. जहाज नांगराभोवती वाऱ्याप्रमाणे फिरे, सकाळी बेट डावीकडे दिसे, संध्याकाळी उजवीकडे, एवढाच काय तो प्रवास. गंज तळहाताला लागे. सगळे येऊन अध्यक्षाला विचारत, घरी कधी जायचे, आणि घरी कधी जायचे हे विचारायला अध्यक्षाला कोणीच नव्हते. फेनाचे पत्र फेब्रुवारीनंतर आले नव्हते. टपाल दोन्ही देशांचे अधिकारी उघडून वाचत, आणि दोघांनाही घाई नव्हती.

जूनच्या मध्यात कप्तानाने त्याला खोलीत बोलावले.

“बसा, उब्बेन. या खेपेला अर्ध्याहून जास्त माणसं घरी जातील. मला मूठभर पुरेत. नावं मी सांगतो, सही तुम्ही करा.”

कप्तानाने नावे सांगितली. भांडखोर, पिऊन दंगा करणारे, लाल झेंडेवाले, झाडून सगळे त्यांत होते. म्हणजे हिशेब बरोबरच होता, फक्त हिशेब करणारा भलत्याच खुर्चीत येऊन बसला होता.

“आणखी थोडं आहे,” कप्तान म्हणाला. “होड्या साफसफाईसाठी कठड्याबाहेर टांगून ठेवायच्या. तरंगती जाकिटं तपासायला म्हणून प्रत्येकाच्या हातात द्यायची. आणि माझे इंजिनीयर तळाच्या झडपांना तेलपाणी करणार आहेत. तिथे समितीचा माणूस नको.”

“झडपांना तेल कशाला? जहाज तर नोव्हेंबरपासून हललेलं नाही.”

“गंज चढतो.”

“गंज सगळीकडे चढलाय, साहेब. तुम्ही फक्त पाणी आत येतं तिथलाच काढताय.”

कप्तानाने चांदीच्या त्या मोठ्या पात्रातून एक खडीसाखरेचा खडा काढला. बाकी काही उरले नव्हते, म्हणून त्यात आता साखर ठेवत. तो खडा त्याने हार्मपुढे ठेवला.

“तुम्ही हुशार आहात,” तो म्हणाला. “हुशार माणसाला काय हवं असतं?”

“घर.”

“अध्यक्ष शेवटपर्यंत जहाजावर. नियम तुमच्याच समितीचा.”

“अध्यक्ष बदलता येतो.”

“मग बदला. फक्त मला सही करणारा द्या. विचारणारा एक झाला तेवढा पुरे.”

हार्मने खडा खिशात टाकला. बाहेर येऊन त्याने पुन्हा एकदा सगळे मांडून पाहिले. जहाज तह होताच शत्रूच्या घशात जाणार, त्याआधी कप्तान ते बुडवणार. बुडवू दे. बुडेल ते लोखंड. होड्या बाहेर टांगलेल्या, जाकिटे हातात, किनारा समोर. माणसे होडीत बसतील, किनाऱ्याला लागतील, फार तर काही महिने छावणीत राहतील, आणि तिथला पाव इथल्यापेक्षा वाईट असूच शकत नाही. यात कोणाचे काय जाते? हिशेबात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच की काय, तो त्याने तीनदा तपासला.

त्यार्क कठड्याशी गळ टाकून बसला होता. हार्म शेजारी बसला.

“अध्यक्ष होशील का?”

त्यार्कने आधी गळ वर ओढला. “मला बोलावं लागेल का?”

“कुणाशी?”

“माणसांशी.”

“छे. सही करायची. कप्तान कागद देईल, खाली नाव लिहायचं.”

“आणि तू फाटकाला जाणार.”

“सण आलाय रे. फेना एकटी आहे. तुला तर इथे काय नि तिथे काय.”

हे त्याने वाईट अर्थाने म्हटले नव्हते, आणि त्यार्कनेही ते वाईट अर्थाने घेतले नाही. खरे होते ते.

“यात काही आहे का, हार्म?” त्याने थोड्या वेळाने विचारले.

एवढा लांब प्रश्न त्याने आजवर विचारला नव्हता. हार्मने सांगितले असते तर त्यार्क ‘बरं’च म्हणाला असता, बहुधा. पण बहुधावर घर मिळत नाही.

“काही नाही,” हार्म म्हणाला. “मेंढ्या बघायच्या.”

“बरं.”

सभा जमवायला वेळ लागला नाही. हार्मने शेवटचे भाषण केले: बोलणारे दोन अध्यक्ष पाहिलेत, आता एक गप्प बसणारा पाहा. लोकांना ते पटले. पागेल तेवढा हार्मकडे एकटक पाहत होता. “दात दुखायला लागला वाटतं,” तो म्हणाला, आणि त्यार्कच्या दंडाला पट्टी बांधू लागला.

बोट सुटली तेव्हा घरी निघालेले लोक गात होते. ‘हिल्डेसहाइम’च्या कठड्याशी मागे राहिलेले मूठभर लोक उभे होते, एकमेकांपासून लांब लांब. त्यार्कने हात वर केला. हार्मनेही केला. मग तो दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला, वारा कमी होता म्हणून.

जर्मनीत उतरून आगगाडीत बसला तेव्हा बातमी डब्यात आधीच पोचली होती. शनिवारी भर दुपारी, शत्रूच्या डोळ्यांदेखत, आपल्या लोकांनी सगळे आरमार बुडवले. माणसे टोप्या काढून बसली होती. तुम्ही आरमारातले का, कुठल्या जहाजावर होता, असे एका बाईने विचारले. हार्मने नाव सांगितले. बाईचे डोळे भरून आले. तिने आपल्या डब्यातले अर्धे सॉसेज त्याला दिले. नको म्हणावे असे त्याला वाटले, पण तोवर त्याने एक घास घेतला होता.

सणाच्या आदल्या दिवशी तो फाटकाशी पोचला. दोन दारांच्या मध्ये एक होडी उभी होती आणि फेना चाकावर होती, बाह्या दुमडून. तिने त्याला पाहिले, पण पाणी चढेपर्यंत चाक सोडले नाही.

“वेळेत आलो,” हार्म म्हणाला.

“कसल्या वेळेत?”

“सणाच्या आत. फाटकासाठी.”

फेना त्याच्याकडे पाहत राहिली. “फाटकाचं तर एप्रिलमध्येच मिटलं. तुला पत्र नाही मिळालं? होडीवाल्यांनी सभेत सांगितलं, हिलाच राहू द्या, म्हाताऱ्यापेक्षा कमी ओरडते. बायकांना मतं मिळाली, मग फाटक का नाही, असंही कोणी म्हणालं. माझ्या नावावर केलं त्यांनी.” तिने कपाळावरचा घाम पुसला. “तू सावकाश आला असतास तरी चाललं असतं. आलास ते बरं झालं. ते दार ओढ बघू.”

हार्मने दार ओढले.

पागेल आला तो पुढच्या फेब्रुवारीत. छावणीतून सुटून एम्डेनच्या बंदरात काम शोधायला चालला होता, वाटेत उतरला. फेनाने चहा केला, कपात खडीसाखर घातली, वरून साय सोडली. पहिला कप त्याने संपवला. दुसऱ्या कपाला हार्मने त्या शनिवारचे विचारले.

“जहाज कलायला लागलं तशी आम्ही होडीत उतरलो,” पागेल म्हणाला. “पांढरं फडकं लावलं होतं. पहाऱ्याची होडी आली. मागे फिरा, झडपा बंद करा, असं काहीतरी ओरडत होते. ती भाषा कुणाला येतेय. कप्तान दुसऱ्या होडीत. आमची पोरं म्हणाली, अध्यक्ष, बोला तुम्ही. तसा तो उभा राहिला.”

“त्यार्क?”

“दुसरा कोण अध्यक्ष होता? उभा राहिला, पट्टीवाला हात वर केला आणि तोंड उघडलं. समोर एक पोरगं होतं बंदूक घेऊन. आमच्याइतकंच घाबरलेलं. सुटली गोळी.” पागेलने कप बशीत ठेवला. “काय बोलणार होता कुणास ठाऊक. बहुतेक बरं म्हणणार होता.”

फेना साय घेऊन आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

“तू असतास तर काय बोलला असतास?” पागेलने विचारले. “आवाज तर तुझाच होता.”

हार्मने खरोखर विचार केला. या सगळ्या प्रकरणात बहुधा पहिल्यांदाच त्याने नफा-तोटा न पाहता उत्तर दिले.

“मी उभाच राहिलो नसतो.”

“तेही खरंच,” पागेल म्हणाला आणि तिसरा कप पुढे केला. त्या मुलखात तीन कप प्यायल्याशिवाय उठत नाहीत.

तेव्हा हिशेब असा झाला. कप्तानाला जहाज शत्रूच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते, गेले नाही. लेम्केचा दात निघाला. पागेलला छावणीत खरोखरच चांगला पाव मिळाला. आगगाडीतल्या बाईने अर्धे सॉसेज दिले, पण तिला एक वीर पाहायला मिळाला. फाटक फेनाचे होते आणि फेनाचेच राहिले. हार्मला दार ओढायचे काम मिळाले, जे तो सावकाश आला असता तरी मिळणारच होते. या सगळ्याचा भरणा एकट्या त्यार्क बोएल्सेनने केला, आणि त्याला यातले काहीच नको होते.